करवत लहान, बार मोठा

मागच्या अंकात छोट्या बँडसॉच्या, म्हणजे दोन चाकांवर अखंड फिरणारं पट्ट्यासारखं पातं असलेल्या करवतीच्या, पात्याचा ताण कसा जोखायचा ते लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीच पत्रं मात्र दुसऱ्याच अडचणीची निघाली: मशीनच्या मापात न बसणारा माल कापायचा कसा? त्यातली चार पत्रं इथे घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्या तिघांनाही त्यातलं बरंचसं लागणार आहे.

प्रश्न: सप्रेम नमस्कार ताई. माझ्याकडे आडवी छोटी बँडसॉ आहे, चार बाय सहा (इंच) म्हणतात ती. माहितीपत्रकात गोल बारसाठी ११५ मिमीची मर्यादा दिली आहे. मला १२५ मिमी व्यासाच्या एम.एस. (साध्या मऊ पोलादाच्या) बारमधून ५० मिमी जाडीचे तीन तुकडे हवेत. बार ४०० मिमी लांब आहे. वरून कापत गेलं की शेवटी पातं धरणारी चौकट बारवर टेकते आणि खाली १०-१२ मिमी उरतात. बार फिरवून तेवढं कापलं, तर दोन काप जुळत नाहीत, मधे पायरी राहते. पात्याला इंचाला १४ दाते आहेत. नवं होतं, पहिल्याच तुकड्यात गेलं. माझं कुठे चुकतंय?

उत्तर: पायरी पडते ती आखणीमुळे आणि पकडीमुळे. पातं गेलं त्याचं कारण निराळं आहे, त्याकडे नंतर येते.

आधी कापांचा क्रम बदला. तुम्ही खोल काप आधी घेता आणि उरलेला तेवढा नंतर. म्हणजे बार फिरवायची वेळ येते तेव्हा तुकडा एका पातळ फाकेवर लटकत असतो. उचलाउचलीत ती फाक केसभर जरी वाकली, तरी चीर एकीकडे मिटते, दुसरीकडे उघडते. मग दुसरा काप तुम्ही कितीही जपून घ्या, तो पहिल्याला भेटत नाही. मी उलट करते. बार अखंड असताना आधी ३० मिमीचा उथळ काप घेते. मग बार बरोबर अर्धा फेरा फिरवते, म्हणजे ती चीर तळाशी जाते, आणि वरून मोठा काप सुरू करते. आता पात्याला ९५ मिमीच उतरायचं असतं. चौकट टेकायच्या बऱ्याच आधी पातं खालच्या चिरेत उतरतं आणि तुकडा सुटतो. फिरवताना बार जवळजवळ अख्खाच असतो, त्यामुळे वाकायचा प्रश्न येत नाही.

‘बरोबर अर्धा फेरा’ म्हणणं सोपं, करणं आखणीवर अवलंबून. त्यासाठी मी जाड कागदाची पट्टी वापरते. १२५ मिमी व्यासाला घेर ३९३ मिमी येतो, तेव्हा पट्टी ४५० मिमी लांब आणि ६०-७० मिमी रुंद घ्या. एक कड कारखान्यातून कापून आलेली, अगदी सरळ हवी. बारवर मार्किंगची निळी शाई लावून वाळू द्या, मग पट्टी घट्ट गुंडाळा. टोकाशी कड कडेवर तंतोतंत बसली की ती कड बारच्या अक्षाला काटकोनात आहे असं समजा. तिला लागून स्क्राइबरने पूर्ण वळसा घालून रेघ ओढा. कड थोडी जरी पुढेमागे दिसली, तर पट्टी सोडून पुन्हा गुंडाळा. तिथे केलेली घाई पुढे फेसिंगला, म्हणजे लेथवर तुकड्याची तोंडं सपाट करताना, महागात पडते.

पट्टी सोडण्याआधी, ती स्वतःवर जिथे चढते तिथे आरपार टाचणीची खूण करा. उलगडली की दोन भोकं दिसतील. भोकावर भोक ठेवून घडी घाला. घडीची जागा म्हणजे नेमका अर्धा घेर. पट्टी परत गुंडाळून एक खूण भोकाशी आणि एक घडीशी बारवर उतरवा, आणि बारच्या तोंडावर त्या दोन खुणा जोडणारी सरळ रेघ ओढा. पहिल्या कापाला बेडवर गुण्या उभा करून ही रेघ ओळंब्यात आणायची. दुसऱ्या कापाला तीच रेघ, टोकं उलटी. कोन मोजायची गरजच पडत नाही.

लांबीसाठी स्टॉप, म्हणजे बारचं टोक टेकवायचा अडसर, लावत असाल तर तो तोंडाच्या मध्यावरच टेकवा. दुकानातून आलेल्या बारचं तोंड सहसा काटकोनात नसतं. स्टॉप कडेजवळ टेकला, तर बार फिरवल्यावर तो दुसऱ्याच बिंदूला टेकतो आणि तेवढीच पायरी पडते. मी मध्यावर सेंटर पंचने खळगा करते आणि स्टॉपचं टोक त्यात बसवते. खळगा अक्षावर असला की बार कसाही फिरवा, लांबी तीच राहते.

इतकं करूनही पायरी आली, तर तिचा आकार नीट बघा. दोन्ही काप भेटतात त्या रेषेवर पायरी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी असेल, तर एक तर स्टॉप सरकला आहे, नाही तर पातं खाली उतरताना एका अंगाला झुकतंय. पायरी एका टोकाला डावीकडे, मध्यावर शून्य आणि दुसऱ्या टोकाला उजवीकडे, कात्रीसारखी असेल, तर व्हाइसचा (बार आवळणाऱ्या पकडीचा) स्थिर जबडा पात्याला काटकोनात नाही. आणि अर्ध्या फेऱ्यात चूक उलटी होते, म्हणून दिसताना ती दुप्पट दिसते. एक मिमीची पायरी दिसली तर मशीन अर्धाच मिमी चुकलेलं असतं. मला तर ही पद्धत मशीन तपासायलाही आवडते, लहान काटकोन्याने जे दिसत नाही ते इथे दिसतं.

आता पकड. ही मी मनापासून सांगते, कारण यात मी एकदा फसले आहे. या लहान मशीनचे जबडे बुटके असतात. १२५ मिमी बारचा मध्य बेडपासून साडेबासष्ट मिमीवर येतो. जबड्याची वरची कड त्याच्या खाली राहिली, तर जबडा बारला मध्याखाली दाबतो, आणि गोल वस्तू मध्याखाली दाबली की ती वर उसळायला बघते. तुम्ही जितकं जास्त आवळाल तितकी ती बेडवरून सुटते. टूलरूममध्ये नवीन असताना मी असाच एक ११० मिमीचा बार पकडला होता. हाताने हलवून पाहिला, हलला नाही. काप निम्म्यावर आला तेव्हा आवाज बदलला. सलग खर्रर्र चाललं होतं ते थांबून टक् टक् सुरू झालं. मी वाकून पाहिलं, तर माझी तोंडावरची रेघ ओळंब्यातून चांगली बोटभर सरकली होती. बार हळूहळू गरगरत होता आणि चीर वळत होती. बटणाकडे हात गेला तेवढ्यात पातं तुटलं. कुणाला लागलं नाही. पण मशीनवर काहीही चढवलं की आधी जबड्याची उंची मोजायची, ही सवय तेव्हापासूनची आहे.

तुमच्या मशीनचा व्हाइस १५० मिमी उघडत असेल, तर बार जाऊन २५ मिमी उरतात. १० मिमी जाडीच्या दोन उंच पट्ट्या जबड्यांना बोल्टने बसवल्या की काम भागतं. पट्ट्या बारच्या मध्याच्या किमान १० मिमी वर याव्यात. बसवल्यावर, प्लग काढून, चौकट हाताने पार खालपर्यंत आणा आणि पात्याचे मार्गदर्शक (कापाच्या दोन्ही बाजूंना पातं सरळ धरणारे आधार) कुठे पट्टीला अडत नाहीत ना ते बघा. बारच्या वरून एक आडवी पट्टी टाकून ती दोन लांब बोल्टांनी बेडला आवळलीत तर आणखी चांगलं.

जागाही तपासा. चौकट बिजागरीवर उचलली जाते, म्हणून बिजागरीकडे पातं कमी उठतं आणि मोटरच्या विरुद्ध टोकाला जास्त. मोठा बार बिजागरीला चिकटून ठेवला, तर चौकट पूर्ण वर करूनही पातं त्याच्या खांद्यावर टेकलेलंच असतं. तसं झालं तर स्थिर जबडा एक भोक पुढे घ्या. पातं धातूवर टेकलेलं असताना मशीन कधीच सुरू करू नका. एखादाच दाता सगळा भार घेतो आणि उडतो.

पात्याकडे येऊ. १२५ मिमी म्हणजे जवळजवळ पाच इंच. इंचाला १४ दाते असतील, तर बारच्या मध्यावर एका वेळी ७० दाते धातूत असतात. चौकटीचं वजन तेवढंच, ते सत्तर जणांत वाटलं जातं. एकाही दात्याला नीट घुसता येत नाही, सगळे नुसते घासतात, तापतात आणि बोथट होतात. शिवाय दोन दात्यांमधली खाच इतकी लहान असते, की पाच इंचांच्या प्रवासात ती किसाने भरून जाते आणि पुढचा कीस जायला जागाच राहत नाही. तुमचं पातं असंच गेलं. अशा मालाला इंचाला ६ दात्यांचं बायमेटल (लवचीक पाठ आणि कठीण दाते असलेलं) पातं घ्या, किंवा ४-६ असं कमीजास्त अंतराच्या दात्यांचं मिळालं तर ते. मग धातूत ३० किंवा त्याहून कमी दाते राहतात. पात्याची लांबी या मशीनला बहुतेक १६३८ मिमी आणि रुंदी अर्धा इंच असते, पण तुमचं जुनं पातं मोजूनच घ्या. मात्र हे पातं कपाटात वेगळं ठेवा. कमीत कमी तीन दाते धातूत असायला हवेत हा नियम आहे, आणि इंचाला ६ दात्यांना त्याचा अर्थ १२-१३ मिमीपेक्षा पातळ काही कापू नये असा होतो. पाइप किंवा अँगल यावर धराल तर दाते ओळीने झडतील.

नवं पातं चढवल्यावर पहिले एकदोन काप निम्म्या भाराने घ्या. कोऱ्या दात्याची धार कागदासारखी पातळ असते. ती हलकेच झिजून किंचित गोलसर झाली की टिकते, पूर्ण भार पहिल्याच मिनिटाला टाकला तर तुटते. वेग सगळ्यात कमी ठेवा. या मशीनना तीन वेग असतात, मिनिटाला साधारण २५, ३७ आणि ६१ मीटर. भरीव एम.एस.ला २५ पुरे. ६१ चा पट्टा अ‍ॅल्युमिनियमसाठी.

भार बरोबर आहे का, ते कीस सांगतो. चिमटीत घेऊन बघा, म्हणजे मशीन थांबवून. लहान, सुटे, वळलेले, चंदेरी कण आले आणि ते कोमट लागले, तर सगळं ठीक. पिठासारखा भुगा येत असेल तर दाते घासतायत, भार थोडा वाढवा. कण निळे पडले असतील तर वेग किंवा भार जास्त आहे. मोठा माल कापताना पात्याचे मार्गदर्शक लांब लांब ठेवावे लागतात, मधलं पातं तेवढं लवचीक होतं, त्यामुळे लहान बारला चालणारा भार इथे चालत नाही. तो जरा कमीच ठेवा आणि वेळ द्या. १२५ मिमीच्या भरीव बारला माझ्याकडे एका तुकड्यामागे अर्धा तास जातो. मला तो जास्त वाटत नाही. ब्रशने अधूनमधून कटिंग ऑइल लावत राहते, दाते जिकडून चिरेत शिरतात त्या बाजूने.

अर्धा तास म्हटलं तरी तिथून हलू नका. एरवी काप संपला, चौकट पूर्ण खाली आली, की खटका दाबला जाऊन मोटर बंद पडते. मोठ्या मालाच्या उथळ कापात चौकट खालपर्यंत येतच नाही, म्हणून खटका दाबला जात नाही. ३० मिमी झाले की तुम्हीच बंद करायचं. मी चौकटीखाली योग्य उंचीचा लाकडी ठोकळा ठेवते, म्हणजे चौकट तिथेच थांबते. पण मग पातं एकाच जागी घासत राहतं आणि तळ तापवतं, तेव्हा ठोकळ्याला टेकली की लगेच बटण दाबायचं.

आणखी एक. काप अर्धा झाला आणि पातं बोथट झालं किंवा तुटलं, तर नवं पातं त्याच चिरेत घालू नका. झिजलेल्या पात्याचे दाते बाजूला कमी फाकलेले असतात, म्हणून त्यांची चीर अरुंद असते. नव्या पात्याचे दाते तिच्यात अडकतात आणि काही सेकंदांत सगळी ओळ साफ होते. माझी दोन नवी पाती अशी गेली आहेत, दुसरं तर ‘जरा हळू सोडू या’ म्हणत असताना. बार अर्धा फेरा फिरवा आणि विरुद्ध बाजूने नवीन चीर सुरू करा. तुमची आखणी वर सांगितल्यासारखी असेल, तर ती जुन्या चिरेला जाऊन मिळेल.

शेवटी वजन. १२५ मिमीचा पोलादी बार मीटरला ९६ किलो भरतो, तुमचा ४०० मिमीचा तुकडा ३८ किलोच्या वर आहे. त्याचा बहुतेक भाग व्हाइसच्या बाहेर लटकणार. पत्र्याच्या पायांवरचं हे मशीन त्याने कलंडू शकतं. मागे घोडी किंवा रोलर स्टँड लावा आणि त्याची उंची बेडवर ठेवलेल्या सरळ पट्टीने जुळवा. सुटणारा तुकडा पाच किलोच्या आसपास आहे, तो पायावर पडू नये म्हणून त्याच्याखाली बेडच्या पातळीवर लाकूड ठेवा, पण तुकड्याला वर दाबणारं नको, नाहीतर चीर मिटून पातं आवळलं जाईल. मोठा काप अर्ध्यावर आला की मी चिरेच्या वरच्या तोंडाशी, पात्याच्या मागे, पत्र्याची पातळ पाचर हलकेच बसवते. ठोकत नाही, नुसती बोटाने. आणि दोन्ही तोंडांना फेसिंगसाठी किमान ३ मिमी, म्हणजे एकेक सूत, जास्त धरा.

प्रश्न: ताई, तुम्ही बार फिरवून कापायला सांगता. मला एका मॉडेल इंजिनाची दोन फ्लायव्हील करायची आहेत. १६० मिमी व्यासाचा, २०० मिमी लांबीचा पोलादी ठोकळा मिळाला आहे. त्याचे ७० मिमीचे दोन तुकडे हवेत. माझ्या मशीनवर पात्याच्या मार्गदर्शकांमधली जागा जास्तीत जास्त १५० मिमी होते. चार बाजूंनी फिरवत फिरवत कापला तर होईल ना?

उत्तर: पूर्ण होणार नाही. पहिल्या पत्रातला बार उंचीला अडला होता, तुमचा रुंदीला अडतोय, आणि या दोन अडचणींत मोठा फरक आहे.

उंचीला अडणारा माल फिरवला की सुटतो. रुंदीला अडणाऱ्याचं तसं नाही. पातं जसजसं खाली जातं तसतशी बारची त्या पातळीवरची रुंदी वाढत जाते. ती १५० मिमी झाली की मार्गदर्शक दोन्हीकडून बारला टेकतात आणि काप थांबतो. चीर पात्याइतकीच जाड असते, मार्गदर्शक तिच्यात शिरू शकत नाहीत. १६० मिमी व्यासाला ही वेळ ५२ मिमी खोलीवर येते. कुठूनही कापा, चार बाजूंनी किंवा बारा बाजूंनी, मध्यापासून २८ मिमी अंतराच्या आत पातं पोचणार नाही. म्हणजे मधे ५६ मिमी व्यासाचा गाभा अखंड राहतोच. प्रत्यक्षात मार्गदर्शक टेकेपर्यंत ताणू नये, ५० मिमीवर थांबावं, मग गाभा ६० चा धरा. हे आधी कागदावर काढून बघा: १६० चं वर्तुळ, त्यात १५० लांबीची जीवा, आणि मध्यापासून तिचं अंतर. दोन मिनिटांचं काम आहे, आणि दोन दिवसांच्या कापाकापीनंतर कळण्यापेक्षा बरं.

पण तुमच्याकडे एक सोय आहे. फ्लायव्हीलला मधे भोक लागणारच. तेव्हा ते भोक कापण्याआधीच पाडा. ठोकळ्याच्या दोन्ही तोंडांवर मध्य काढा आणि दोन्हीकडून २५ मिमीचं भोक, ते कमीत कमी ८० मिमी खोल, टप्प्याटप्प्याने मोठं करत न्या. अंतिम मापापेक्षा लहानच ठेवा, पुढे लेथवर खरं करून घेता येईल. तुमच्या शाफ्टला २५ पेक्षा बारीक भोक हवं असेल, तर तुमच्या मापाहून एकदोन मिमी कमी घ्या. आता गाभा भरीव राहिला नाही, २५ चं भोक असेल तर १७-१८ मिमी जाडीचं कडं राहिलं. चार बाजूंनी ५० मिमीचे काप घेतल्यावर ते हॅकसॉने सुटतं. हॅकसॉचं पातं चिरेत सहज जातंय का ते आधी बघा. आवळत असेल तर पात्याच्या दोन्ही अंगांना तेल लावा आणि दर काही मिनिटांनी बाजू बदला, एकाच बाजूने आत गेलात तर चौकट बारला आपटते.

पकडीचं तुम्हाला वेगळं करावं लागेल. १६० मिमी त्या व्हाइसमध्ये मावणार नाही. सरकणारा जबडा काढून ठेवा, बेडवर ठोकळा दोन व्ही-ब्लॉकवर (गोल माल बसवायला व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यांवर) बसवा आणि वरून पट्टी टाकून बोल्टांनी बेडला आवळा. व्ही-ब्लॉक बुटके घ्या, कारण प्रत्येक मिमी उंची तुमच्या हातची जाते. ठोकळा ३२ किलोच्या जवळ आहे. एकट्याने उचलून मशीनवर ठेवू नका, आणि दर फेऱ्याला प्लग काढल्याशिवाय हात घालू नका. चार वेळा फिरवायचं म्हणजे चार वेळा तोच मोह होणार. मी प्लग काढून तो खिशात ठेवते.

स्पष्ट सांगायचं तर, ज्याच्याकडून ठोकळा घेतला त्याच्याकडे मोठी करवत असेल, तर दोन तुकडे तिथेच करून आणणं जास्त शहाणपणाचं. हे सगळं मी लिहिलं ते, तसं शक्य नसेल तर म्हणून.

प्रश्न: एवढा खटाटोप करण्यापेक्षा अँगल ग्राइंडरला कटिंग डिस्क लावून गोल गोल फिरत कापलं तर?

उत्तर: १२५ मिमीची डिस्क फार तर ३५ मिमी आत जाते, कारण मधला नट आणि गार्ड अडतात. त्यामुळे वरच्या दोन्ही कामांत गाभा उरतोच, तोही मोठा. खरी काळजी वेगळी आहे. खोल चिरेत डिस्क थोडी तिरकी झाली किंवा तुकडा बसून चीर मिटली, की ग्राइंडर झटक्याने मागे येतो, थेट चेहऱ्याच्या दिशेने. डिस्क फुटलीही जाते. २५-३० मिमीच्या बारला ग्राइंडर ठीक आहे. जाड भरीव मालात कृपा करून नको.

प्रश्न: २० मिमी जाडीची, २०० मिमी रुंद आणि ५०० मिमी लांब पोलादी प्लेट मधोमध कापायची आहे. आडवी ठेवली तर मार्गदर्शकांत मावत नाही, उभी धरली तर उंची जास्त होते. आशा सोडू का?

उत्तर: सोडू नका, मशीन उभं करा. तुमच्या मशीनबरोबर बशीएवढं एक टेबल आलं असेल, उभ्या कापासाठी. पात्यापासून चौकटीच्या कण्यापर्यंतचं अंतर मोजा. ते १०५ मिमी किंवा जास्त असेल, तर एका कडेने १०० मिमी आत जा, प्लेट काढा, उलटी करून दुसऱ्या कडेने या. आखणी दोन्ही अंगांना हवी, म्हणून रेघ गुण्याने कडांवरूनही वळवून घ्या. इंचाला ६ ते १० दात्यांचं पातं चालेल, २० मिमी जाडीत ते पाच ते आठ दाते ठेवतं.

आलेलं टेबल मात्र वापरू नका. प्लेट १५ किलोच्या वर आहे, तो पत्रा तिच्याखाली वाकतो, आणि टेबल वाकलं की काप तिरका जातो. ६ मिमी पत्र्याचं, निदान ३०० बाय ३०० मिमीचं टेबल करा, पात्यासाठी पुढच्या कडेपासून मध्यापर्यंत एक चीर ठेवा, आणि त्याच्या बाहेरच्या कडेला जमिनीपर्यंत एक पाय द्या. माझ्या टेबलाचा पाय म्हणजे एक जुना पाइप आहे, त्याच्या तळाशी उंची कमीजास्त करायला बोल्ट बसवला आहे. प्लेट ढकलताना हात पात्याच्या ओळीत कधीही ठेवू नका. शेवटचे २० मिमी लाकडाच्या तुकड्याने ढकला, आणि हातमोजे घालू नका, दात्यात धागा अडकला की हातही त्यामागे जातो. कडेला बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कोर, सुटला की तो कापतो, म्हणून कानस जवळ ठेवा आणि प्लेट उलटी करण्याआधीच पहिली कड घासून घ्या.